मऊ घास

"यांची कवळी सैल झालीये," दातांच्या डॉक्टरीणबाई आत्यांकडे बघत म्हणाल्या. "बोलताना जिभेनं सावरून धरतायत. एकदा घेऊन या त्यांना. अशी माणसं हळूहळू खाणं सोडतात, आणि घरच्यांना ताकास तूर लागू देत नाहीत."

"हो, आणते ना," मी म्हटलं. पण माझे डोळे समोरच्या पडद्यावर होते. तिथे माझ्या मुलीचे दात मोठे करून दाखवले होते आणि मागच्या दाढांवर काळे डाग होते.

आत्या हसल्या. "माझ्याकडे नका लक्ष देऊ, बाई. हे माझे नुसते दाखवायचे दात. खायचे कधीच गेले."

डॉक्टरीणबाई हसल्या, त्यांची मदतनीस हसली, मीही हसले. खुर्चीत आ वासून पडलेल्या माझ्या पाच वर्षांच्या मुलीला तेवढं हसता आलं नाही. तिनं आत्यांचं बोट मुठीत धरून ठेवलं होतं. ते बोट असल्याशिवाय ती त्या खुर्चीत बसतच नसे, म्हणून तर आत्या बरोबर आल्या होत्या.

मुलीला घरात सगळे खारू म्हणतात. नाव आत्यांनीच पाडलेलं. घास गालात साठवायचा आणि खारीसारखं तासभर घरभर हिंडायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड. गालातलं बिस्किट गालातच विरघळायचं. डॉक्टरीणबाईंनी ते बरोबर ओळखलं. चिकट, गोड, पाकिटातलं सगळं बंद करा, म्हणाल्या, नाहीतर पक्के दातही याच वाटेनं जातील. हे मी शब्द न् शब्द ऐकलं. रस्त्यात नवऱ्याला फोन लावून सांगितलं, घरी आल्यावर माझ्या आईला फोनवर सांगितलं, शेजारणीला सांगितलं. एकाच खुर्चीशेजारी उभं राहून मला त्या दिवशी दोन सल्ले मिळाले होते. घरी येईपर्यंत माझ्याजवळ एकच उरला.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. नवरा अगदी लहान असताना त्याची आई गेली. वडील कामासाठी परमुलखात गेले आणि तिकडेच रमले. आत्यांनी पोर उचललं आणि लग्नाचा विषय बंद केला. त्या बिस्किटांच्या कारखान्यात होत्या. भट्टीतून गरम बिस्किटं सरकत्या पट्ट्यावरून यायची. त्यातली मोडकी, करपलेली, पांढरी राहिलेली बिस्किटं चालत्या पट्ट्यावरून बोटांनी वेचून बाजूला टाकायची, हे त्यांचं काम. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या पट्ट्याशेजारी उभ्यानं काढली. बोटांची टोकं भाजून भाजून अशी निबर झाली होती की गॅसवरचं पातेलं त्या फडक्याशिवाय उतरवायच्या. कारखान्यात त्यांना तुकडेवाली म्हणत.

आठवड्याअखेरी मोडकी बिस्किटं पिशवीत भरून घरी न्यायची कामगारांना मुभा होती. माझा नवरा त्या तुकड्यांवर वाढला. सकाळी दुधात भिजवून, संध्याकाळी चहात बुडवून, शाळेच्या डब्यात कोरडी. वर्गातल्या पोरांनी त्याचं नाव 'चुरा' ठेवलं. तो रडत रडत घरी सांगायला आला, तर आत्यांना ते नाव इतकं आवडलं की त्यांनीही तेच उचललं. पुढे तो शिकला, साहेब झाला, टाय लावून कचेरीत जाऊ लागला, तरी दारातून निघताना मागून हाक यायचीच, "चुऱ्या, छत्री घे रे."

दातांच्या दवाखान्यातून आल्यानंतरच्या रविवारी मी स्वयंपाकघरातलं फडताळ उपसायला काढलं. माझं कॉलेज रसायनशास्त्रात झालं आहे. पाकिटामागची बारीक अक्षरं मला कळतात असा माझा समज, आणि त्या समजाचा घरात दरारा. जमिनीवर जुनी चादर अंथरली आणि एकेक काढत गेले. बिस्किटं, क्रीमचे केक, नूडल्स, सूपची पाकिटं, जॅम, सॉस, पांढरा मऊ ब्रेड, चॉकलेटची पावडर, सरबतांच्या बाटल्या. उचलायचं, उलटं करायचं, वाचायचं, चादरीवर टाकायचं.

नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा होता. "मीठ तरी ठेवशील ना? का यापुढे आसवांवर भागवायचं?"

मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस. अति तिथं माती, असं काहीसं तो पुटपुटला आणि तिथेच उभा राहिला.

आत्या चादरीच्या कडेला बसल्या होत्या. मी टाकलेली पाकिटं त्या उचलून आकारवारीनं रांगेत लावत होत्या, कडेला कड जुळवून. टाकायच्या मालाची रांग कशाला लावता, मी विचारलं. हातांना सवय, म्हणाल्या. मग त्यांनी हळूच सुचवलं की एवढं सगळं फेकण्यापेक्षा खालच्या राखणदाराच्या घरी द्यावं, त्याच्याकडे पोरं आहेत.

"आपल्या पोरीला जे विष, ते दुसऱ्याच्या पोरांना द्यायचं का, आत्या?"

मी हे सहज बोलले. तो शब्द हल्ली सगळेच सहज वापरतात. माझ्या मैत्रिणी साखरेला वापरतात, मैद्याला वापरतात. आत्यांचा हात मात्र बिस्किटांच्या एका पुड्यावर थांबला. पुडा त्यांच्या जुन्या कारखान्याचा नव्हता, दुसऱ्याच कुठला तरी होता. पण हात थांबला.

"मग चुऱ्याला मी चांगलंच पाजलं म्हणायचं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "बघ, तरी उभा आहे अजून."

नवराही हसला. जरा उशिरा हसला. त्यानं आत्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि चहाचा घोट घेतला. तिथे तो काहीतरी बोलू शकला असता. मीही शब्द मागे घेऊ शकले असते. पण माझ्या हातात सूपचं पाकीट होतं आणि मी त्यातलं मिठाचं प्रमाण वाचत होते.

आत्या उठून आपल्या खोलीत गेल्या आणि स्वतःचा बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. "हाही घे."

"तुमचा राहू द्या, आत्या. तुम्हाला कुणी काही म्हटलंय का?"

"एका घरात दोन कायदे नकोत, पोरी. खारू माझ्याच खोलीत येऊन हात पुढे करेल, आणि तिला नाही म्हणणं मला जमत नाही."

ते खरंच होतं. मला गहिवरून आलं. माझ्या आत्यासासूबाई किती समजूतदार, हे पुढे मी चारचौघींत कौतुकानं सांगत असे. मोठाल्या पिशव्यांची तोंडं आत्यांनीच बांधली. अशी गाठ मारली की नवऱ्याला त्या खाली नेताना एकही फाटली नाही.

आता कळतं की त्या चादरीवर आत्यांचं सगळं जेवण पडलं होतं. चहात बुडवलेली बिस्किटं, दुधातला मऊ ब्रेड, नूडल्स, पातळ सूप. घरातलं जे जे दातांशिवाय खाली उतरत होतं, ते जवळजवळ सगळं मी एका सकाळीत काढून टाकलं.

त्या जागी आलं ते चांगलं होतं. त्याबद्दल मला आजही शंका नाही. कोंड्याचा जाड पाव, कच्ची गाजरं, काकडी, सफरचंदाच्या फोडी, मोड आलेली कडधान्यं, भाजलेले दाणे. जेवायला बसलं की माझं पालुपद सुरू व्हायचं, चावून खा, नीट चावून खा. खारू आधी रुसली, मग तिनं दोन दिवस उपाशी राहायची धमकी देऊन बघितली, मग चावायला शिकली. गालात साठवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुढच्या तपासणीत नवा डाग नव्हता. मला आभाळ ठेंगणं झालं. त्या तपासणीला आत्या आल्या नव्हत्या. पाय दुखतोय, म्हणाल्या, आणि खारूनं पहिल्यांदाच माझं बोट धरलं.

आत्या प्रत्येक पदार्थाचं कौतुक करायच्या. रंग काय सुरेख आलाय, म्हणायच्या. पण जेवायला आमच्याबरोबर बसणं त्यांनी कमी केलं. सकाळी आम्हा तिघांची निघायची गडबड असे. मी घाई केली की म्हणायच्या, तुम्ही व्हा पुढे, मी आपली रवंथ करत बसेन, मला कुठं बस पकडायचीये. दुपारी मी कामावरून परत यायची तेव्हा त्यांचं ताट घासून पालथं घातलेलं असायचं. माझ्या नजरेतून मुंगीही सुटत नाही असं नवरा म्हणतो. ती नजर त्या दिवसांत खारूच्या ताटावर होती.

त्या सुई-दोरा घेऊन खिडकीशी बसलेल्या दिसायच्या. आपल्या कपड्यांच्या शिवणी आत घेत होत्या. पण काही ना काही उसवणं-शिवणं त्यांचं नेहमीचंच, म्हणून मी विचारलं नाही. कोणी घरी आलं की म्हणायचं, आत्या किती हलक्या दिसताहेत, तब्येत सुधारली. मी म्हणायची, सगळी खाण्याची करामत. आणि आत्या मान डोलवायच्या.

एका संध्याकाळी खारू मला ओढत गॅलरीत घेऊन गेली. "आई, आत्याआजीची शेती बघ."

गॅलरीत आत्यांच्या फुलझाडांच्या कुंड्या होत्या. एका कुंडीत, फुलझाडाच्या बुंध्याभोवती, कोवळ्या हिरव्या अंकुरांचं दाट बेट उगवलं होतं. असं काही आम्ही पेरलेलं नव्हतं. मी बोटानं माती उकरली. खाली कडधान्यं होती, कुजून काळी पडलेली गाजराची चाकं होती, सफरचंदाच्या फोडी, पावाच्या कडा. आणि सगळं नीट रांगेत, कडेला कड जुळवून ठेवलेलं. दुसरी कुंडी उकरली. तिसरी उकरायचं मला धैर्य झालं नाही.

"कुणाला सांगू नको म्हणाली होती," खारू म्हणाली. "पण आता उगवलं ना. आता कसं लपणार?"

आत्या दारात येऊन उभ्या होत्या. मातीनं भरलेल्या माझ्या हातांकडे बघून त्यांना अंदाज आला असावा. "टाकवत नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "अन्न आहे. तू एवढं निवडून, धुवून, चिरून ठेवलेलं."

मी विचारलं, मग तुम्ही इतके महिने खात काय होतात. चहा, म्हणाल्या. भात असला तर भात, पाणी घालून. कधी केळं.

"मला का नाही सांगितलंत, आत्या?"

"तू जीव तोडून करत होतीस. पोरीचं चांगलं होत होतं. त्यात माझं रडगाणं कुठं घालू?" त्यांनी कठड्याला हात टेकला. मग, मला उद्देशून नव्हे अशा आवाजात म्हणाल्या, "आणि मागायचं तरी काय? इतकी वर्षं लोकांच्या पोरांसाठी आम्ही जे भरून पाठवलं ते विष असेल, तर म्हटलं, आता आपण तरी ते तोंडात घालू नये."

मी त्यांना आत नेलं आणि कवळी काढून दाखवायला सांगितलं. त्या तयार होईनात. शेवटी भिंतीकडे तोंड करून त्यांनी ती काढली, आणि ओठांवर हात धरून माझ्याकडे वळल्या. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांचा तो चेहरा पाहिला नव्हता. हात बाजूला केला तेव्हा हिरड्यांवर जखमा दिसल्या. जुन्या, त्यावर नव्या.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बघितलं, आधी जखमा भरू देऊ मग नवीन माप घेऊ, म्हणाल्या. मला त्यांनी काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वजन केलं, रक्त तपासलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मी सगळं मऊ करू लागले. शिजवून, घोटून, गाळून. आत्या खाऊ लागल्या, पण पोट जणू खाणं विसरलं होतं. दोन घासांत दमायच्या. त्यातच थंडीचे दिवस आले, छातीत कफ धरला, आणि त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं.

इस्पितळात एका दुपारी नवरा थेट कचेरीतून आला. टाय सैल केला, खिशातून बिस्किटांचा एक छोटा पुडा काढला आणि माझ्याकडे न बघता परिचारिकेकडे गरम दूध मागितलं. बिस्किट दुधात बुडवलं, चमच्यावर घेतलं आणि आत्यांच्या ओठांपाशी नेलं.

आत्यांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"खाऊ?" त्यांनी मला विचारलं.

ज्या बाईनं माझ्या नवऱ्याला वाढवलं, ती माझी परवानगी मागत होती, आणि चमचा धरलेला त्याचा हात हवेत थांबला होता. मी होकारार्थी मान हलवली. पुन्हा हलवली. मग त्यांनी तोंड उघडलं. डोळे मिटून तो घास जिभेवर बराच वेळ फिरवला आणि गिळला.

"चुऱ्या, हे नीट भाजलेलं नाही रे," त्या म्हणाल्या. "मध्ये पांढरं राहिलंय. आमच्या वेळी हे तुकड्यांत गेलं असतं."

"मग तक्रार करू का, आत्या?"

"कर की. म्हणावं, तुकडेवालीनं परत पाठवलंय."

त्यांनी ते एक पूर्ण खाल्लं आणि दुसरं अर्धं. नवरा कप धुवायला म्हणून कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेला. एवढासा कप. पण नळ वाहत राहिला आणि तो पाठमोरा तिथेच उभा राहिला. मी आत्यांची उशी सरळ केली. ती सरळच होती.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. एका सकाळी परिचारिका अंग पुसायला आली, तेव्हा त्या गेलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, वय होतं, हृदय थकलेलं होतं, अशा वेळी एकच कारण नसतं. ते वाक्य मला पूर्ण पटतही नाही आणि हातातून सोडवतही नाही. नवऱ्यानं मला कधी बोल लावला नाही. फक्त दारातून निघताना तो हल्ली क्षणभर थांबतो, आणि मग जातो.

पंधरवड्यानं कारखान्यातल्या त्यांच्या जुन्या सोबतिणी भेटायला आल्या. तिघी होत्या, तिघीही आत्यांच्या वयाच्या. एक भट्टीवर होती, एक वजनकाट्यावर, एक खोकी बांधायची. आमच्या सोफ्यावर ओळीनं बसल्या आणि आधी नुसत्या खारूकडे बघत राहिल्या. मग खोकीवालीनं बोलायला सुरुवात केली. तिला पाच पोरं, नवरा आजारी. आठवड्याअखेरी तिची पिशवी कधी हलकी गेली नाही, म्हणाली. आता पट्टा रोजचाच, माल रोजचाच, मग माझ्याच पाळीला एवढे तुकडे कुठून यायचे? तर एकदा तिनं चोरून पाहिलं. तुकडेवाली इकडेतिकडे बघायची आणि चांगलं, अख्खं बिस्किट अंगठ्यानं टचकन मोडायची.

"आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं," काटेवाली म्हणाली. "मुकादमालासुद्धा. तो त्या वेळी छताकडे बघायचा."

तिघी हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. माझा नवरा उठून गॅलरीत गेला. आपल्या पिशवीत चुरा जास्त का असायचा, हे त्याला तेव्हा कळलं असेल. मोठे तुकडे दुसरीकडे जात होते.

मी त्यांच्यापुढे बशा ठेवल्या होत्या. सफरचंदाच्या फोडी आणि भाजलेले दाणे. माझ्या हातांनाही आता दुसरं काही सुचत नाही. भट्टीवाली सगळ्यात कमी बोलत होती. तिनं एक फोड उचलली होती. बोलणं चाललं होतं तेवढा वेळ ती फोड तिच्या बोटांत फिरत होती, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आणि कडेनं तांबूस पडत चालली होती. मी म्हटलं, घ्या ना. तिनं लगेच मान डोलवली. "गोड आहे हो. घरी जाऊन खाईन निवांत." आणि ती फोड तिनं रुमालात ठेवली.

मी आत गेले. सफरचंद सोलून बारीक चिरलं, थोडं पाणी, थोडी साखर घालून शिजत ठेवलं. हो, साखर. पार मऊ झाल्यावर चमच्यानं घोटलं, वाटीत काढलं आणि बाहेर येऊन भट्टीवालीच्या समोर खाली जमिनीवर बसले. वाटी तिच्या हातात दिली. तिनं दोघींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग किंचित भिंतीकडे वळली आणि खायला लागली. हळू, पण थांबली नाही. मध्येच म्हणाली, घरी सून चांगली आहे, सगळं ताजं करते. मी हो म्हटलं. वाटी रिकामी होईपर्यंत मी उठले नाही.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात, नाहीतर शेजारच्या दाराआड, असं एखादं माणूस असेल. सगळ्याला छान म्हणणारं, मागाहून जेवणारं, आपलं ताट आपणच घासून ठेवणारं. जेवलात का म्हणून दुरून विचारू नका, ते हो म्हणतील. आज त्यांच्या समोर जाऊन बसा. घास तोंडात जातो तिथे थांबू नका. तो खाली उतरतोय का, तेवढं बघा.